सुकुमार राय : हसू छापणारा माणूस

कोणत्याही बंगाली माणसासमोर ‘आबोल ताबोल’ हे दोन शब्द उच्चारून पाहा. तो हृदयरोगतज्ज्ञ असो, बँकेत काम करणारा असो की उपाहारगृह चालवणारा असो, आधी त्याचा चेहरा खुलतो आणि पुढच्या क्षणी कविता सुरू होते. माझ्या हॉस्पिटलातल्या बंगाली सहकाऱ्यांवर हा प्रयोग मी इतक्या वेळा केला आहे, की निष्कर्ष खात्रीने सांगू शकते. अपवाद एकही नाही!

या कविता लिहिणारे आणि त्यांची चित्रे काढणारे गृहस्थ म्हणजे सुकुमार राय. आपण मराठी माणसे त्यांना ओळखतो ती बहुधा सत्यजित राय यांचे वडील म्हणून. ‘पथेर पांचाली’ पाहिलेले पुष्कळ भेटतात, पण सत्यजितबाबूंच्या वडिलांनी लहान मुलांसाठी काय करून ठेवले आहे, हे महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नसते. मलाही इथे इंग्लंडात आल्यावरच कळले. आणि एकदा कळल्यावर त्यांच्या आयुष्याचा नाद काही सुटेना. त्याची दोन कारणे. एक म्हणजे हा माणूस आपल्या मँचेस्टरमध्ये शिकून गेलेला आहे. आणि दुसरे म्हणजे त्यांना झालेला आजार, जो मी पुण्यात एमबीबीएस करताना पुस्तकात वाचला होता. सुकुमारबाबूंची गोष्ट वाचताना त्या कोरड्या प्रकरणाला पहिल्यांदा माणसाचा चेहरा मिळाला.

सुकुमार यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1887 रोजी कलकत्त्यात झाला. घराणे मूळचे मैमनसिंग भागातल्या मसूआ गावचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातले. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे एक अजब रसायन होते. ते लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक तर होतेच, शिवाय खगोलशास्त्राचा नाद आणि यंत्रांची हौसही होती. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिले आणि त्यात स्वतः चित्रे काढली. पण त्या वेळी कलकत्त्यात चित्रे छापायची तर लाकडी ठसे कोरून. छापून आलेली चित्रे पाहून उपेंद्रकिशोरांचे मन खट्टू झाले. दुसरा कोणी असता तर हळहळला असता आणि पुढच्या कामाला लागला असता. यांनी थेट इंग्लंडहून कॅमेरा, पडदे, सामग्री मागवली, पुस्तके वाचून स्वतः शिकले, आणि 1895 मध्ये घरातच ब्लॉक बनवण्याचा धंदा सुरू केला.

वृत्तपत्रातला जुना फोटो भिंगातून पाहिला तर तो लहानमोठ्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो. यालाच हाफटोन म्हणतात. छापखान्याच्या यंत्राला काळे आणि पांढरे एवढेच कळते, मधली करडी छटा त्याला छापता येत नाही. म्हणून भिंगाच्या आणि फोटोच्या काचेच्या मध्ये बारीक जाळीचा पडदा धरून चित्राचे ठिपके करायचे. जिथे गडद तिथे ठिपका मोठा, जिथे फिकट तिथे बारीक. हा पडदा काचेपासून नेमका किती अंतरावर धरावा, याचा लोक तोवर अंदाजानेच निर्णय करीत. उपेंद्रकिशोरांनी त्याचे गणित मांडले. कलकत्त्यात बसून लिहिलेले त्यांचे लेख लंडनच्या पेनरोजच्या वार्षिकात छापून येत आणि इथले जाणकार ते वाचत.

सुकुमारांची आई विधुमुखी ही समाजसुधारक द्वारकानाथ गांगुली यांची मुलगी. द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी, म्हणजे सुकुमारांच्या सावत्र आजी, डॉ. कादंबिनी गांगुली! आम्हा डॉक्टरीणबाईंना हे नाव माहीत असायलाच हवे. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या ते वर्ष 1886. त्याच वर्षी कादंबिनी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. आनंदीबाई 1887 च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, रुग्ण तपासायला त्यांना आयुष्यच मिळाले नाही. कादंबिनींनी मात्र पुढे एडिंबरोला येऊन आणखी पदव्या घेतल्या आणि कलकत्त्यात दीर्घकाळ व्यवसाय केला. 13, कॉर्नवॉलिस स्ट्रीट या ज्या मोठ्या घरात सुकुमार जन्मले आणि वाढले, त्याच घरात या आजीचेही बिऱ्हाड होते.

अशा घरातली ही सहा भावंडे. सुकुमार दुसरे. थोरल्या सुखलता, पाठच्या पुण्यलता, मग सुविनय, शांतिलता आणि सुविमल. यांतल्या बहुतेकांनी पुढे मुलांसाठी काही ना काही लिहिले. पुण्यलतांनी लिहिलेल्या बालपणीच्या आठवणींत हे घर आपल्याला भेटते. सुकुमार म्हणजे खेळांचा म्होरक्या आणि नसलेल्या प्राण्यांच्या गोष्टी रचून सांगणारा दादा.

शिक्षणाची बाजू मात्र चोख होती. प्रेसिडेन्सी कॉलेजातून 1906 मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र असे दोन्ही विषय ऑनर्सला घेऊन ते बी.एस्सी. झाले. त्याच काळात त्यांनी मित्रांना जमवून एक ‘नॉन्सेन्स क्लब’ काढला. या क्लबचे एक हस्तलिखित मासिक होते, त्याचे नाव ‘साडे बत्रिश भाजा’. कलकत्त्याच्या रस्त्यावर बत्तीस जिनसा घातलेले चटकमटक मिश्रण विकत असत, यांनी त्यात आणखी अर्धी जिन्नस वाढवली! मासिक, नाटके, त्यांतले विनोद, सगळे घरच्या घरी. ‘लक्ष्मणेर शक्तिशेल’ या नाटकात त्यांनी रामायणातल्या गंभीर प्रसंगाची अशी काही गंमत केली, की बंगाली शाळांच्या संमेलनांतून ते वर्षानुवर्षे होत राहिले.

1911 मध्ये कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून सुकुमार छपाईचे तंत्र शिकायला इंग्लंडला आले. त्या काळी बंगालचे हुशार तरुण इथे येत ते बॅरिस्टर होण्यासाठी, नाही तर आय.सी.एस. किंवा डॉक्टर होण्यासाठी. हा तरुण आला तो शाई, काच, जस्ताचे पत्रे आणि दगडावरची छपाई शिकायला! आधी लंडनला फ्लीट स्ट्रीटजवळच्या फोटोएन्ग्रेव्हिंग आणि लिथोग्राफीच्या शाळेत, आणि मग मँचेस्टरच्या म्युनिसिपल स्कूल ऑफ टेक्नॉलॉजीत. आपल्यापैकी अनेकांनी ती इमारत पाहिलेली आहे. पिकॅडिली स्टेशनजवळची, सॅकव्हिल स्ट्रीटवरची लाल विटांची ती भव्य वास्तू 1902 मध्ये सुरू झाली, पुढे तिथे युमिस्ट होते आणि 2004 पासून ती मँचेस्टर विद्यापीठात आली. सुकुमार आले तेव्हा ती अवघी दहा वर्षांची होती. इथे वडिलांच्या पद्धतीची इंग्रज तंत्रज्ञांना ओळख करून देण्याचे कामही त्यांनी केले आणि पेनरोजच्या वार्षिकात स्वतःही लेख लिहिले. म्हणजे हा विद्यार्थी नुसता घ्यायला आला नव्हता, थोडेफार द्यायलाही आला होता.

त्याच सुमारास, 1912 मध्ये, रवींद्रनाथ ठाकूर लंडनला आले. उपेंद्रकिशोरांचे ते स्नेही, त्यामुळे सुकुमारांना घरच्यासारखे. चित्रकार रोथेन्स्टाइन आणि त्यांच्या वर्तुळात रवींद्रनाथांच्या कविता वाचल्या जात होत्या, तेव्हा हा पंचविशीतला तरुण त्या मंडळींत वावरत होता. रवींद्रनाथांवरचा त्यांचा इंग्रजी लेख 1913 मध्ये लंडनच्या ‘क्वेस्ट’ या नियतकालिकात आला. नोबेल पारितोषिक जाहीर झाले ते त्यानंतर, नोव्हेंबरात.

1913 सालीच सुकुमार परत गेले. हा भाग वाचताना मी नेहमी थोडी थांबते. आपण इथे शिकायला आलो आणि इथेच राहिलो. आपापली कारणे होती आणि ती खरी होती. सुकुमारांना मात्र घरी एक छापखाना वाट पाहत होता आणि एक मासिक. 1913 च्या एप्रिलमध्ये, बंगाली वैशाखात, ते इंग्लंडात असतानाच उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी ‘संदेश’ सुरू केले होते. बंगालीत संदेश म्हणजे बातमी, आणि संदेश म्हणजे छेन्याची ती प्रसिद्ध मिठाईसुद्धा. मुलांच्या मासिकाला याहून चांगले नाव मला तरी सुचत नाही! परतल्यावर डिसेंबरात सुकुमारांचे सुप्रभा दास यांच्याशी लग्न झाले. 100, गडपार रोड इथे नवे घर आणि त्यातच ‘यू. राय अँड सन्स’ चा छापखाना होता. सगळे मार्गी लागते आहे असे वाटत असतानाच 20 डिसेंबर 1915 रोजी उपेंद्रकिशोर गेले. वय 52. आजार मधुमेह.

मधुमेहाने 52 व्या वर्षी गेले, हे वाक्य आज किती अनोळखी वाटते! माझ्या क्लिनिकमध्ये वीस-वीस, तीस-तीस वर्षे मधुमेह असलेले आजी-आजोबा नातवंडांच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतात. पण इन्सुलिनचा शोध लागला 1921 मध्ये. उपेंद्रकिशोरांची आणि त्या औषधाची सहा वर्षांनी चुकामूक झाली. ही एक चुकामूक लक्षात ठेवा, कारण या घरात पुढे आणखी एक होणार होती.

अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर आता छापखाना, मासिक आणि कुटुंब एकदमच आले. पुढची आठ वर्षे त्यांनी ‘संदेश’ चालवला. चालवला म्हणजे काय, तर मजकूर लिहिला, चित्रे काढली, इतरांचे लेखन सुधारले, ब्लॉक बनवले, छपाईवर नजर ठेवली. लेखक, चित्रकार, संपादक, छायाचित्रकार आणि छपाईचा तंत्रज्ञ असे सगळे एकाच माणसात आणि एकाच छपराखाली, असे उदाहरण जगात फारसे सापडणार नाही. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पण कोणती रेघ छापल्यावर कशी उमटेल हे त्यांना कागदावर टाक टेकवण्याआधीच माहीत असे. म्हणून त्यांची शाईची चित्रे आज शंभर वर्षांनंतर स्वस्तातल्या कागदावरही तितकीच ठसठशीत दिसतात.

या मासिकात त्यांनी काय काय लिहिले! गॅलिलिओ, आर्किमिडीज, डार्विन, सॉक्रेटिस, लिव्हिंगस्टन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची छोटी चरित्रे. पाणबुडीवर, जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेवर, ग्रहताऱ्यांवर लेख. ‘पागला दाशू’ या वेडपट वाटणाऱ्या पण सगळ्यांना पुरून उरणाऱ्या शाळकरी मुलाच्या गोष्टी. आणि 1915 च्या सुरुवातीपासून, अधूनमधून, त्या अद्भुत कविता.

पहिलीच कविता घ्या. नाव ‘खिचुडी’, म्हणजे आपली खिचडी. आपण सगळ्यांनी शाळेत संधीचे नियम घोकले आहेत. सुकुमारांनी प्राण्यांचेच संधी केले! हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर. दोघांचा मिळून झाला हाँसजारू. बक आणि कच्छप, म्हणजे बगळा आणि कासव, यांचा झाला बकच्छप. हाती आणि तिमी, म्हणजे हत्ती आणि देवमासा, यांचा हातिमी. नीट पाहिले तर पहिल्या नावाचे शेवटचे अक्षर हेच दुसऱ्याचे पहिले अक्षर आहे. नाव जिथे सांधले आहे तिथेच चित्रात शरीरही सांधलेले, आणि सांधा कुठे दिसत नाही. विज्ञानाचा विद्यार्थी आणि खोड्या काढणारा दादा, दोघांनी मिळून केलेले हे काम आहे.

मग येतात ती माणसे आणि ते प्राणी, जे आज बंगाली बोलण्याचा भाग झाले आहेत. रामगरुडाची पोरे, ज्यांना हसायची बंदी आहे आणि जी सतत कोणी हसेल की काय या धास्तीत असतात. आपल्या ओळखीतही एखादा रामगरुड असतोच! कचेरीतले बडे बाबू, जे एके दिवशी आपल्या मिशा चोरीला गेल्या म्हणून आकांत करतात, आणि मिशा तर जागच्या जागी. एक असा देश, जिथे पाय घसरून पडले तरी शिपाई धरतो आणि संध्याकाळी सहाच्या आत शिंकायला परवाना लागतो. पोरांनी यावर हसावे आणि मोठ्यांनी, विशेषतः ब्रिटिश अमलाखालच्या मोठ्यांनी, हसता हसता जरा विचारात पडावे. आपल्याकडे विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ लिहून मुलांना असा मुलूख दिला, पण तो पुष्कळ नंतर.

निरर्थक लिहिणे सोपे असते असा एक गैरसमज आहे. सोपे नसते. त्यातला प्रत्येक नियम लेखकाला आधी ठरवावा लागतो आणि मग तो काटेकोरपणे पाळावा लागतो. रुग्णाला भ्रम झाला की तोही असंबद्ध बोलतो, पण त्याला कुणी हसत नाही. सुकुमारांच्या असंबद्धतेत पक्के तर्कशास्त्र आहे, फक्त सुरुवातीचे गृहीतक उलटे धरलेले असते.

या सगळ्या धबडग्यात मित्रमंडळींसाठीही वेळ होता. दर सोमवारी जमणारा ‘मंडे क्लब’ त्यांनी चालवला. पुढे संख्याशास्त्रात मोठे नाव मिळवलेले प्रशांतचंद्र महालनोबिस, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जी, कवी सत्येंद्रनाथ दत्त असे लोक तिथे येत. चर्चा गंभीर होत आणि खाणेही जोरात होई. म्हणून गमतीने त्याचे नाव पडले ‘मंडा क्लब’, कारण मंडा हीही एक बंगाली मिठाईच.

1921 हे वर्ष आले. 2 मे रोजी सत्यजितचा जन्म झाला. लग्नानंतर सात वर्षांनी झालेले हे पहिले आणि एकुलते मूल. आणि त्याच वर्षी सुकुमारांना ताप येऊ लागला.

ताप जाईना. निदान झाले काळा आजार.

हा आजार आपल्याकडे पुण्या-मुंबईला सहसा दिसत नाही. बिहार, बंगाल, आसाम हा त्याचा मुलूख. लेशमानिया नावाचा सूक्ष्म परजीवी रक्तातून पांथरी, यकृत आणि हाडांतल्या मज्जेत ठाण मांडतो. महिनोन्‌महिने ताप राहतो, पांथरी वाढून पोट फुगते, रक्त कमी होते, अंग वाळते, कातडी काळवंडते. त्यावरूनच हे नाव. उपचार न झाल्यास शंभरातले 95 हून अधिक रुग्ण दगावतात. लेशमन आणि डोनोव्हन या दोन डॉक्टरांनी 1903 मध्ये या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पण तो वालुमाशीच्या चावण्यातून पसरतो हे सिद्ध व्हायला 1942 उजाडले. सुकुमार आजारी पडले तेव्हा औषध म्हणून हाती होते ते अँटिमनीचे एक क्षार. ते शिरेतून द्यायचे, कितीतरी आठवडे, आणि त्याचे दुष्परिणाम असे की कधी कधी औषधच नको व्हावे.

आणि इथे ती दुसरी चुकामूक. सुकुमार गडपार रोडवर बिछान्याला खिळले होते, तेव्हा त्याच कलकत्त्यात, कॅम्पबेल हॉस्पिटलातल्या एका लहानशा खोलीत, डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी नेमक्या याच आजाराच्या औषधाच्या मागे होते. त्या खोलीत ना वीज होती ना गॅसची जोडणी. कंदिलाच्या उजेडात त्यांनी अँटिमनीची नवनवी संयुगे तयार केली आणि त्यांतून युरिया स्टिबामाइन हे औषध निघाले. 1922 मध्ये त्यांनी आठ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढच्या काही वर्षांत या औषधाने आसाम आणि बंगालमध्ये असंख्य जीव वाचवले. ते सर्रास हाती आले तोवर सुकुमारांची वेळ संपली होती. शहर एकच, आजार एकच, आणि चूक कुणाचीही नाही. वैद्यकाचा इतिहास अशा चुकामुकींनी भरलेला आहे आणि आजही कुठल्या ना कुठल्या वॉर्डात ती होत असते.

अडीच वर्षे हे आजारपण चालले. मध्ये मध्ये हवापालटासाठी बाहेरगावी जाणे होई. त्यातल्या गंगाकाठच्या मुक्कामाची एकच पुसट आठवण सत्यजितना राहिली, ती त्यांनी पुढे आपल्या बालपणावरच्या पुस्तकात लिहिली आहे. वडील खिडकीशी बसून चित्र रंगवत आहेत आणि नदीतून चाललेली आगबोट मुलाला दाखवत आहेत. बस, एवढेच.

पण या अडीच वर्षांतले काम पाहिले की मी थक्क होते. 1922 मध्ये, आजारात, ‘ह-य-ब-र-ल’ ही दीर्घ गोष्ट ‘संदेश’मध्ये आली. नाव वाचून आपल्याला माहेश्वर सूत्रांतले ‘हयवरट्’ आठवेल. बंगालीत याचा अर्थ गडबडगुंडा. एका मुलाचा हातरुमाल मांजर होतो आणि तिथून जी धमाल सुरू होते ती थांबतच नाही. त्यात एक कावळा पाटीवर हिशेब मांडत बसलेला आहे, वेळेचाही हिशेब. आणि एक म्हातारा आहे, ज्याच्या गावात वय चाळीसला पोचले की उलटे मोजू लागतात, एकोणचाळीस, अडतीस, सदतीस, म्हणजे कुणी म्हातारे होतच नाही. ही गोष्ट लिहिणारा चाळिशीपर्यंत पोचणार नव्हता, आणि बहुधा त्याला ते कळून चुकले होते. वाचणाऱ्या मुलाला यातले काही जाणवत नाही. त्याला फक्त हसू येते.

‘हेशोराम हुशियारेर डायरी’ ही गंमतही याच काळातली. एक शिकारी-शास्त्रज्ञ डोंगरदऱ्यांत हिंडतो आणि नवनव्या प्राण्यांना भारदस्त लॅटिन शेपटाची नावे देतो. त्यात एक हावरट थेरियम आहे, एक तोंड फुगवून बसणारा आहे, आणि एक किंचाळणारा सोरस! आम्हा डॉक्टरांच्या लॅटिनचीही यात टोपी उडवलेली आहे असे मला नेहमी वाटते.

पण आमची खरी फजिती ‘हातुडे’ या कवितेत आहे. बंगालीत या शब्दाचा अर्थ वैदू, भोंदू डॉक्टर, आणि त्यात हातोडीही लपलेली आहे. हा महाभाग कागदाचे रुग्ण कापून शिकला आहे आणि कुठलाही आजार हातोडीच्या एका घावात बरा करण्याची जाहिरात करतो. त्याच्या यादीत कॉलरा आहे, डेंग्यू आहे, आणि काळा आजारही आहे! ही कविता ‘आबोल ताबोल’ मध्ये आहे, आणि ते पुस्तक छपाईला जात होते तेव्हा कवी स्वतः काळ्या आजाराने अंथरुणावर होता. त्याने ती कविता वगळली नाही. मी पुष्कळ धीराचे रुग्ण पाहिले आहेत, पण आपल्या आजाराला असे पुस्तकात हसते ठेवणारा दुसरा पाहिला नाही.

‘आबोल ताबोल’ हे आठ-नऊ वर्षांतल्या या कवितांचे पुस्तक. मुखपृष्ठ, चित्रे, मांडणी सगळे सुकुमारांनी बिछान्यातून पाहिले. शेवटची कविता त्यांनी याच दिवसांत लिहिली. पुस्तकाच्या नावाचीच ही कविता मुलांना अद्भुताची वाटते, आणि मोठ्यांना कळते की हा निरोप आहे. 1923 च्या ऑगस्टअखेरीस रवींद्रनाथ भेटीला आले आणि सुकुमारांच्या विनंतीवरून त्यांनी उशाशी बसून गाणी म्हटली. 10 सप्टेंबर 1923 रोजी सुकुमार गेले. छत्तीस वर्षे पूर्ण व्हायला पन्नास दिवस कमी होते. नऊ दिवसांनी, 19 सप्टेंबरला, पुस्तक प्रसिद्ध झाले. छापील प्रत त्यांच्या हाती कधी पडली नाही. आणि 3 ऑक्टोबरला कादंबिनी आजीही गेल्या. एका महिन्याच्या आत घरातले दोन मोठे आधार गेले.

पुढची कथा सुप्रभाबाईंची आहे. भावंडांनी ‘संदेश’ काही काळ चालवला, पण छापखाना टिकला नाही, घर सोडावे लागले. लहानग्या सत्यजितला घेऊन त्या भवानीपूरला भावाच्या आश्रयाला गेल्या आणि विधवांच्या शाळेत हस्तकला शिकवू लागल्या. या मुलाला वडील कळले ते पुस्तकांतून, चित्रांतून, छापील रेघेतून. तो मोठा झाला, त्याने आधी जाहिरातींची आणि पुस्तकांची चित्रे काढली, मग सिनेमे. 1961 मध्ये सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह ‘संदेश’ पुन्हा सुरू केला आणि जगभर नाव झाल्यावरही त्यासाठी गोष्टी लिहिल्या, चित्रे काढली. 1969 चा ‘गूपी गाइन बाघा बाइन’ हा त्यांचा चित्रपट आजोबांच्या, उपेंद्रकिशोरांच्या गोष्टीवरचा. आणि 1987 मध्ये, सुकुमारांच्या जन्मशताब्दीला, त्यांनी वडिलांवर एक माहितीपट केला. जेमतेम सव्वादोन वर्षे लाभलेल्या बापाचे ऋण मुलाने असे फेडले.

काळ्या आजाराचेही सांगितले पाहिजे. 2023 मध्ये, सुकुमारांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेने बांगलादेशातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या आजाराचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. असा मान मिळवणारा तो जगातला पहिला देश. राय घराण्याचे मूळ गाव त्याच देशात आहे.

दीर्घ आजाराचे रुग्ण मला कधी कधी विचारतात, डॉक्टर, किती दिवस आहेत? या प्रश्नाचे नेमके उत्तर माझ्याजवळ नसते. सुकुमारांची गोष्ट मी कुणाला औषध म्हणून सांगत नाही. आजारी माणसाने हसलेच पाहिजे असा आग्रह धरणे हाही एक जुलूम आहे. मला त्यांच्यात दिसते ते वेगळेच. त्यांना मुलांना हसवायचे होते, आणि त्या कामाला त्यांनी तितकेच महत्त्व दिले जितके एखादा शल्यविशारद आपल्या टाक्यांना देतो. मँचेस्टरमध्ये घेतलेली विद्या, वडिलांचे गणित, भौतिकशास्त्राची पदवी, हे सगळे त्यांनी लहान मुलांच्या पानावर खर्च केले, आणि ते कमी दर्जाचे काम आहे असे त्यांना एकदाही वाटलेले दिसत नाही. आपल्याकडे मुलांसाठी लिहिणे म्हणजे उरलेल्या वेळात करायची गोष्ट समजली जाते. म्हणून हे सांगावेसे वाटले.

गडपार रोडच्या त्या घरातली यंत्रे गेली. पुढे त्या वास्तूत मुलांची शाळा भरू लागली. जिथे पोरांसाठी हसू छापले जात होते तिथे पोरांचाच गलका सुरू झाला. सुकुमारबाबूंना याहून वेगळे स्मारक आवडले असते असे मला तरी वाटत नाही.